साठा की रुग्ण? काळा आजार, कुत्रा आणि पेशींच्या आत घडलेला इतिहास (धागा)

१/
रोगांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा माणसांचाच इतिहास लिहितो. जनावर त्यात येते ते रोग पसरवणारे म्हणून. त्याच्या स्वतःच्या आजारपणाची दखल क्वचितच घेतली जाते. आजचा धागा अशाच एका जनावराविषयी आहे. लीशमानिया नावाचा परजीवी कुत्र्याच्या रोगप्रतिकारक पेशींत शिरून तेथील जनुकांचा कारभार कसा बदलतो, हे विज्ञानाला गेल्या तीन दशकांत हळूहळू उमगत गेले. त्याआधी सुमारे ऐंशी-नव्वद वर्षे त्याच कुत्र्याकडे रोगाचा ‘साठा’ एवढ्याच नजरेने पाहिले गेले. या दोन दृष्टींमधल्या अंतराची किंमत असंख्य कुत्र्यांनी जिवानिशी मोजली.

२/
प्रथम आजाराची ओळख करून घेऊ. लीशमानिया हा एकपेशीय परजीवी. डासाहूनही लहान असलेल्या वाळूमाशीच्या चाव्यातून तो अंगात शिरतो. त्याच्या काही जाती माणसाची प्लीहा व यकृत सुजवतात; ताप महिनोन्महिने हटत नाही, रक्त कमी होत जाते आणि उपचार न झाल्यास रुग्ण बहुधा दगावतो. भारतात यालाच काळा आजार म्हणतात. कुत्र्यात डोळ्यांभोवतीचे केस झडतात, कातडीवर कोंडा धरतो, नखे वाजवीपेक्षा लांब वाढतात, नाकातून रक्त येते आणि अखेरीस मूत्रपिंडे निकामी होतात.

३/
या परजीवीचा शोध लागला तो वसाहतकालीन भारताशी जोडलेल्या दोन प्रयोगशाळांत. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत आजारी पडलेला एक ब्रिटिश सैनिक इंग्लंडमध्ये मरण पावला. नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात विल्यम लीशमन यांनी १९०० साली त्याच्या प्लीहेतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत त्यांना अंडाकृती सूक्ष्म पिंड दिसले. त्यांनी हे निरीक्षण १९०३ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांना तसेच पिंड एका जिवंत रुग्णाच्या प्लीहेतून मिळाले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावे जोडून परजीवीचे बारसे केले: लीशमानिया डोनोव्हानी.

४/
येथे एक तपशील लक्षात ठेवावा. लीशमन आणि डोनोव्हन यांना परजीवी सापडला तो प्लीहेतील भक्षक पेशींच्या मुक्कामी. शरीरात घुसलेल्या जंतूंना गिळून पचवणे हे ज्या पेशींचे काम, त्या मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षी पेशींतच हा परजीवी सुखाने नांदतो व वाढतो. किल्ल्याच्या पहारेकऱ्यांच्याच चौकीत शत्रूने बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार. तो कसा जमतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळायला पुढे कित्येक दशके लागली.

५/
भारतात या कथेत कुत्रा जवळजवळ येतच नाही. बंगाल, आसाम, बिहार या भागांत काळा आजार एका माणसाकडून वाळूमाशीमार्फत दुसऱ्या माणसाकडे जातो. स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी १९४२ साली स्वयंसेवकांवर प्रयोग करून वाळूमाशीच्या चाव्याने रोग होतो, हे निर्विवाद दाखवून दिले. त्याआधीच, १९२० च्या दशकात, उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांच्या युरिया स्टिबामाइनने असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले होते. येथे रोगाचा साठा माणूसच होता. त्यामुळे ‘साठ्याचे करायचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर आपोआपच ‘उपचार’ असे आले.

६/
भूमध्य समुद्राच्या किनारी मात्र वेगळे घडले. ट्युनिसच्या पाश्चर संस्थेचे संचालक शार्ल निकोल यांना लहान मुलांत काळ्या आजारासारखाच रोग आढळत होता. १९०८ साली निकोल आणि त्यांचे सहकारी शार्ल कोंत यांना ट्युनिसमधील कुत्र्यांतही असाच परजीवी सापडला. निकोल यांनी मुलांमधील या परजीवीला लीशमानिया इन्फांटम, म्हणजे ‘बालकांचा लीशमानिया’, असे नाव दिले. निकोल यांना पुढे १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते प्रलापक सन्निपात ज्वरावरील, म्हणजे टायफसवरील, कार्यासाठी.

७/
निकोल यांचा निष्कर्ष बरोबर होता. भूमध्य प्रदेशात हा परजीवी प्रामुख्याने कुत्र्यांत टिकून राहतो आणि वाळूमाशी तो माणसापर्यंत पोहोचवते. मात्र या निष्कर्षातून कुत्र्याला जी ओळख मिळाली ती चिकटून बसली. वैद्यकाच्या भाषेत तो ‘साठा’ ठरला. पाण्याचा साठा दूषित झाला तर तो उपसून टाकतात. तो आजारी आहे असे कुणी म्हणत नाही. एक शब्द धोरणाची दिशा कशी ठरवतो, याचे हे ठळक उदाहरण.

८/
त्या धोरणाचे सर्वांत मोठे क्षेत्र ठरला ब्राझील. पीतज्वराच्या तपासासाठी तेथे मृतांच्या यकृताचे नमुने देशभरातून गोळा केले जात. १९३४ साली हेन्रिक पेन्ना यांना त्या नमुन्यांत ४१ मृत्यू लीशमानियाचे असल्याचे आढळले. हे रुग्ण हयात असताना त्यांच्या रोगाचे निदान झालेच नव्हते. दोनच वर्षांनी एवांद्रो शागास यांनी तेथील पहिला जिवंत रुग्ण नोंदवला. १९५० च्या दशकात ईशान्येकडील सिआरा राज्यात साथ उसळली, तेव्हा लिओनिदास व मारिया डीन या दांपत्याने कुत्री, कोल्हे आणि वाळूमाशी यांची साखळी उलगडून दाखवली.

९/
हा परजीवी ब्राझीलमध्ये आला कोठून? सुरुवातीला त्याला स्वतंत्र जात मानून लीशमानिया शागासी असे नाव देण्यात आले होते. पुढे जनुकीय तुलनेने उघड झाले की तो भूमध्य प्रदेशातला लीशमानिया इन्फांटमच आहे. स्पॅनिश व पोर्तुगीज वसाहतकारांबरोबर जहाजांतून जी कुत्री अटलांटिकपार गेली, त्यांच्याच रक्तामांसातून तो नव्या खंडात उतरला, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे कुत्र्याने हा रोग आणला खरा. पण कुत्र्याला तेथे नेले माणसानेच.

१०/
१९५० च्या दशकापासून ब्राझीलच्या मोहिमेचे तीन खांब होते: रुग्णांवर उपचार, वाळूमाशीविरुद्ध कीटकनाशकाची फवारणी आणि संसर्गित कुत्र्यांचा नाश. १९६३ च्या शासकीय आदेशाने तिसऱ्या खांबाला कायद्याचे बळ मिळाले. या आदेशामागचे भय खोटे नव्हते. गरीब वस्त्यांतली लहान मुले या रोगाने मरत होती आणि हाताशी साधने थोडी होती. तो काळ समजून घेताना हे विसरून चालणार नाही.

११/
कुत्री मारण्याचे हुकूम मुंबईलाही अपरिचित नाहीत. संदर्भ वेगळा आहे, काळा आजाराशी त्याचा संबंध नाही. तरी तुलनेसाठी आठवण करून देतो. १८३२ च्या जूनमध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या कंपनी सरकारच्या कारवाईविरुद्ध मुंबईच्या पारशी समाजाने उठाव केला. बाजार बंद पडले, दंगल झाली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. सरकारच्या दृष्टीने जो उपद्रव होता, तो शहरातल्या एका समाजाच्या दृष्टीने धर्माचा भाग होता. हुकूम काढणाऱ्याला कुत्रा एक दिसतो आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्याला दुसराच दिसतो, हे ब्राझीलमध्येही पुढे घडले.

१२/
१९८० च्या दशकापासून रोग ब्राझीलच्या खेड्यांतून शहरांत शिरला. तेरेसिना, नाताल, बेलो ओरिझोंत या शहरांत साथी आल्या. कुत्र्यांचे रक्त तपासायचे आणि प्रतिपिंडे आढळली की कुत्रा उचलायचा, असा क्रम चालू राहिला. कुटुंबे कुत्री लपवू लागली. मारलेल्या कुत्र्याच्या जागी लगेच पिल्लू येई. ते कोवळे असल्याने त्याला संसर्ग अधिक सहज होई. १९९७ साली एस्पिरितो सांतो राज्यातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्री हटवूनही त्या भागातील माणसांमधील संसर्गात अपेक्षित घट आढळली नव्हती.

१३/
याच सुमारास प्रयोगशाळांत एक वेगळाच प्रश्न विचारला जाऊ लागला होता. रोगाच्या प्रदेशातील सगळीच संसर्गित कुत्री आजारी पडत नव्हती. काही वर्षानुवर्षे ठणठणीत राहत. एलेना पिनेली व सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात या दोन गटांतील फरक स्पष्ट झाला. लक्षणे नसलेल्या कुत्र्यांच्या टी-पेशी परजीवीला ओळखून जोमाने वाढत. आजारी कुत्र्यांच्या टी-पेशी मात्र स्वस्थ बसत. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे मात्र उदंड असत.

१४/
यातली विसंगती लक्षात घ्यावी. हा परजीवी पेशीच्या आत दडतो. प्रतिपिंडे पेशीबाहेर फिरतात. त्यामुळे ती त्याचे फारसे वाकडे करू शकत नाहीत. उलट प्रतिपिंडांचे पुंजके मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात आणि कुत्र्याचा मृत्यू बहुधा त्यानेच ओढवतो. म्हणजे सरकारी तपासणी ज्या खुणेवरून कुत्र्याला गुन्हेगार ठरवत होती, ती खूण बहुतेकदा त्याच्या शरीराच्या फसलेल्या बचावाची होती.

१५/
स्पेनच्या इबिझा बेटावरचे उदाहरण बोलके आहे. तेथे सशांच्या शिकारीसाठी पाळली जाणारी, उभ्या कानांची सडपातळ शिकारी कुत्री आहेत. २००० साली स्पॅनिश संशोधकांनी दाखवले की इतर कुत्र्यांच्या तुलनेत या जातीत पेशींच्या द्वारे होणारा प्रतिकार अधिक आढळतो. या बेटावर परजीवी आणि कुत्रा पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिले आहेत. उलट बॉक्सर ही जर्मनीत घडवली गेलेली जात या रोगाला लवकर बळी पडणाऱ्यांत गणली जाते.

१६/
आणि योगायोग असा, की ज्या कुत्रीच्या जनुकसंचाचे सविस्तर वाचन २००५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले, ती ताशा नावाची कुत्री बॉक्सरच होती. सुमारे २४० कोटी अक्षरांचा तो मजकूर आणि त्यात सुमारे १९ हजार जनुके. या वाचनामुळे कुत्र्याच्या पेशीत एका वेळी कोणती जनुके जागी आहेत आणि कोणती निजलेली, हे नेमकेपणाने मोजण्याचा मार्ग खुला झाला. तोवर उंदीर आणि माणूस यांच्याबद्दलच्या ज्ञानावरून कुत्र्याविषयी बरेचसे अंदाज बांधावे लागत.

१७/
जनुकनियमन म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीजवळ एकच पोथी असते. यकृताची पेशी तिच्यातले काही अध्याय वाचते, महाभक्षी पेशी दुसरे वाचते. संकट आले की पेशी एरवी बंद असलेले अध्याय उघडते. कोणता अध्याय केव्हा, किती वेळा वाचायचा, याची व्यवस्था म्हणजे जनुकनियमन. पोथीतले एक अक्षरही न बदलता केवळ वाचनाचा क्रम बदलला, तरी पेशीचे वर्तन पालटते.

१८/
लीशमानिया नेमका येथेच हात घालतो. पोथीच्या पानांवर काही रासायनिक खुणा असतात. मिथाइल नावाच्या चिमुकल्या गटांच्या. बहुधा अशी खूण असलेला भाग कमी वाचला जातो. २०१४ साली कॅनडातील संशोधकांनी माणसाच्या महाभक्षी पेशींना लीशमानिया डोनोव्हानीचा संसर्ग करून पाहिला, तेव्हा चारशेहून अधिक ठिकाणच्या खुणा बदललेल्या आढळल्या. हा प्रयोग मानवी पेशींवरचा होता. पण परजीवी आपल्या यजमानाच्या पोथीवरच्या खुणा बदलवू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

१९/
कुत्र्यांतला पुरावा दुसऱ्या एका वाटेने आला. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांनी एका सूक्ष्म कृमीत अतिशय आखूड आरएनए रेणू कसे काम करतात, ते उलगडले. जनुकाचा संदेश घेऊन निघालेल्या आरएनएला हे मायक्रोआरएनए वाटेतच गाठतात. पुण्याहून निघालेले पत्र जासुदाकडून रस्त्यातच काढून घ्यावे आणि इष्ट स्थळी कधी पोहोचूच नये, तसे हे काम. हुकूम सुटलेला असतो. अंमल होत नाही. या शोधाला २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२०/
२०१९ साली ब्राझीलच्याच साओ पाउलो राज्यातील संशोधकांनी लीशमानियाग्रस्त कुत्र्यांच्या प्लीहेतील पांढऱ्या पेशी तपासल्या. त्यांत मायक्रोआरएनए-२१ नावाचा रेणू वाढलेला होता. हा रेणू इंटरल्यूकिन-१२ या प्रथिनाच्या निर्मितीला अडथळा आणतो. आणि टी-पेशींना लढाईसाठी उठवणारा निरोप हेच प्रथिन देते. संशोधकांनी प्रयोगशाळेत या पेशींमधला मायक्रोआरएनए-२१ रोखला. तेव्हा इंटरल्यूकिन-१२ वाढले आणि पेशींतील परजीवींची संख्या घटली. लढण्याची क्षमता त्या पेशींत होतीच. निरोप अडवला गेला होता.

२१/
अमेरिकेतून आणखी एक दुवा मिळाला. १९९९ साली न्यूयॉर्क राज्यातील शिकारी फॉक्सहाउंड कुत्र्यांच्या एका कळपात हा रोग उफाळला. पुढे असे दिसले की या कुत्र्यांत परजीवी मातेकडून गर्भातल्या पिल्लांकडे जातो. वाळूमाशीची गरजच उरत नाही. आयोवातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की रोग बळावत जातो तशा कुत्र्याच्या टी-पेशी ‘थकतात’. त्यांच्या पृष्ठभागावर लगामासारखे काम करणारे प्रथिन अधिक प्रमाणात दिसू लागते. तो लगाम प्रयोगशाळेत सैल केला, तेव्हा भक्षक पेशींचे कामही सुधारले.

२२/
एक खबरदारी आवश्यक आहे. हे प्रयोग बहुतांशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यांतील पेशींवर झालेले आहेत. मायक्रोआरएनए रोखण्याचे औषध त्यामुळे उद्या पशुवैद्याच्या हाती येईल, असा अर्थ कुणी काढू नये. धोरण बदलले ते केवळ या शोधांमुळे, असेही नव्हे. त्यामागे कुत्र्यांच्या पालकांची चिकाटी, पशुवैद्यांचा आग्रह आणि न्यायालयीन झगडे आहेत. पण ‘संसर्गित कुत्रा म्हणजे चालता-बोलता धोका’ या समजुतीचा शास्त्रीय आधार या संशोधनाने नक्कीच ढिला केला.

२३/
धोरणाचा प्रवासही सरळ नव्हता. २००८ साली ब्राझीलच्या दोन मंत्रालयांनी संयुक्त आदेश काढून माणसांसाठीच्या औषधांनी कुत्र्यांवर उपचार करण्यास बंदी घातली. भीती अशी, की परजीवी त्या औषधांना दाद देईनासा होईल. ही भीतीही निराधार नव्हती. अखेर २०१६ साली कुत्र्यांसाठीच्या मिल्टेफोसीन या औषधाला तेथे मान्यता मिळाली. या औषधाने परजीवी समूळ नष्ट होत नाही. कुत्र्याची तपासणी आयुष्यभर करावी लागते. तरीही संसर्गित कुत्र्याच्या पालकासमोर प्रथमच एक कायदेशीर पर्याय उभा राहिला.

२४/
दुसरा मार्ग अधिक साधा निघाला. वायव्य इराणमधील १८ गावांत एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या गावांतील कुत्र्यांच्या गळ्यात कीटकनाशक भिनवलेले पट्टे बांधण्यात आले. त्या गावांतील मुलांमध्ये संसर्गाचे प्रमाण पट्टे न बांधलेल्या गावांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी राहिले. कुत्रा जिवंत राहिला, वाळूमाशी दूर राहिली आणि मूल वाचले. कुत्रा की मूल, अशी निवड करावीच लागते, हा समज किती उतावळा होता, ते या पट्ट्यांनी दाखवले. पुढे ब्राझीलनेही अशा पट्ट्यांचा वापर सुरू केला.

२५/
या साऱ्या घटनाक्रमात मला महत्त्वाचे वाटते ते प्रश्नाचे बदललेले रूप. ‘कोणत्या कुत्र्याच्या अंगात परजीवी आहे?’ असा प्रश्न विचारला की उत्तर म्हणून एक यादी मिळते. आणि यादी हाती आली की ती कमी करण्याचा मोह होतो. ‘या कुत्र्याच्या पेशी परजीवीला काय उत्तर देत आहेत?’ असा प्रश्न विचारला की समोर रुग्ण दिसू लागतो. भारतात दुसरा प्रश्न सहज सुचला, कारण येथे साठा माणूसच होता. ब्राझीलमध्ये तो सुचायला जवळजवळ शतक जावे लागले, कारण तेथे साठ्याला चार पाय होते.

२६/
ताशाच्या जनुकांचे वाचन, इबिझाच्या शिकारी कुत्र्यांच्या टी-पेशी आणि साओ पाउलोच्या प्रयोगशाळेतील प्लीहेचे नमुने यांची नोंद रोगांच्या इतिहासात झाली पाहिजे. ट्युनिसच्या शोधाशेजारी आणि १९६३ च्या आदेशासमोर. साथीच्या काळात एखाद्या जीवाला ‘साठा’ ठरवण्याची वेळ पुन्हा येईल, तेव्हा या नोंदी हाताशी असाव्यात.

धागा येथे संपला. प्रश्न, पुरवणी, दुरुस्ती असल्यास खाली अवश्य लिहावे.